एकाच नावाच्या दोन टोप्या

अल मन्सूरा, दोहा
७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं आणि हा दुसरा कागद घेतला. इतक्या वर्षांनी पहिल्याच शब्दाला तू हसू नयेस. फोन तू उचलत नाहीस. आईच्या बाराव्याला माझ्या शेजारी पंगतीत बसलास आणि मीठसुद्धा माझ्याकडे मागितलं नाहीस, त्यालाही आता तेरा-चौदा वर्षं झाली. फोन कापता येतो. पत्र मात्र माणूस फाडण्याआधी एकदा तरी डोळ्यांखालून घालतो, एवढ्या आशेवर लिहितोय.

निमित्त तुझ्या गार्गीचं आहे. तिने माझा नंबर कुठून मिळवला माहीत नाही, पण मेसेज आला. तुझ्या ट्रंकेत तिला सरकारी दवाखान्याचा जुना केसपेपर सापडला म्हणे. इंगवले दिगंबर, उजवं मनगट, प्लॅस्टर, तारीख १० जानेवारी १९९८. मॅच अकराला होती. प्लॅस्टरातला हात घेऊन बाबा गोलमध्ये कसे उभे राहिले, असा तिचा प्रश्न. समोरच्या टीमच्या संपत चौगुलेचा पाय मोडल्याबद्दल तुझ्यावर जन्माची बंदी लागली, ती उठवावी आणि तुझ्या नावापुढचा शेरा पुसावा म्हणून तिने फुटबॉल असोसिएशनकडे अर्ज केलाय. सुनावणी पंधरा मेला. त्यांना त्या दिवशी खरंच गोलमध्ये जो होता त्याच्या सहीचा कागद हवा आहे. शेवटी तिने विचारलंय, "काका, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

मी उत्तर दिलं नाही. मेसेज वाचल्याची निळी खूण मात्र तिला गेलीच.

पोरगी स्वतः गोलकीपर आहे हे मला ह्याच मेसेजमधून कळलं. ती उभी राहिली की पाठीमागून 'पाय मोड्याची पोर' म्हणून ओरडतात, हेही तिने लिहिलंय. दादा, तू सांग काय करू. तू म्हणशील तर कागद देतो, नको म्हणशील तर विषय मिटला. तुझ्या परवानगीशिवाय काही करणं मला बरं दिसत नाही.

माझं विचारशील तर ठीक आहे. पाइपलाइनच्या कंपनीने कोव्हिडात काढून टाकलं. आता उम्म सलाल मोहम्मद ह्या गावी एका हौशी मालकाचं गोदाम सांभाळतो. जगभरातून जुन्या फुटबॉलच्या वस्तू विकत घ्यायचा त्याला नाद आहे. बूट, शिट्ट्या, चामड्याचे फुटके बॉल, कप. काय आलं, केवढं आहे, कुठल्या फळीवर ठेवलं, ह्याची यादी मी करतो. बाहेर खजुराची शेतं आणि बकऱ्या, आत एसीत मी आणि मेलेल्या माणसांचे बूट. निशाण तालमीच्या टीमच्या गोलकीपरला देवाने अखेर बॉलच्या राखणीलाच बसवलं. गोलकीपर तू होतास म्हणा, मी नुसता तुझ्या बॅगेचा हमाल.

गेल्या महिन्यात रुमानियातून एक पेटी आली. पेत्रू ड्रागोमिर नावाचा शंभर वर्षांपूर्वीचा गोलकीपर, तिमिशोआरा गावचा, रेल्वेच्या कारखान्यातला फिटर. १९११ ते १९२७ एवढी वर्षं गोलमध्ये उभा होता. त्या काळी कीपर डोक्याला कापडी टोपी घालून खेळत. पेटीत अशा दोन टोप्या निघाल्या, दोन्हींच्या आत शाईने त्याचंच नाव. नियमाप्रमाणे मी दोन्हींचा आतला घेर टेपने मोजला. एक एकोणसाठ सेंटिमीटर, दुसरी साडेपंचावन्न. मी पुन्हा मोजलं. माणसाचे केस जातात, दात जातात, पण डोकं काही आटत नाही. तेव्हापासून झोप उडाली आहे, आणि हे ज्याला सांगावं असा माणूस जगात एकच आहे.

वाचून झालं की फाडून टाक.

सदा

—

अल मन्सूरा
२८ फेब्रुवारी

दादा,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तुझ्याकडून अपेक्षाही नव्हती, पण खोटं कशाला बोलू, रोज बघत होतो.

टोप्यांचं कोडं सुटलं. जुनं कापड आणि कागद दुरुस्त करायला मालकाने रुमानियाहून डोइना नावाच्या एक बाई आणल्या आहेत. साठीच्या आहेत. माझं इंग्रजी तोडकं, त्यांचंही तोडकंच, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. पेटीच्या तळाशी एक चिकटवलेलं पाकीट होतं, बुखारेस्टच्या फुटबॉल संघटनेच्या पत्त्याचं. त्यावर तिकीट नव्हतं, शिक्का नव्हता. म्हणजे लिहिणाऱ्याने ते कधी पोस्टात टाकलंच नव्हतं. बाईंनी ते हलक्या वाफेवर उघडलं आणि दोन दुपारी बसून मला वाचून दाखवलं.

लिहिणाऱ्याचं नाव निकोलाए ड्रागोमिर. पेत्रूचा धाकटा भाऊ. सन १९३१.

पेत्रू खरोखरच मोठा कीपर होता. लढाईच्या आधी त्याचं गाव दुसऱ्याच देशात होतं, नंतर ते रुमानियात आलं. १९१६ साली लढाईत त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. परत आला तेव्हा रेल्वेच्या साहेबांनी सांगितलं, तू गोलमध्ये उभा राहतोस म्हणून तुला कारखान्यात ठेवलंय, नाहीतर दोन बोटांच्या फिटरचं आम्हाला काय काम? घरात म्हातारी आई. मग धाकटा निकोलाए भावाची टोपी घालून उभा राहिला. चेहरा एक, चण एक, फक्त डोकं लहान. टोपी डोळ्यांवर यायची म्हणून आईने दुसरी शिवली आणि आत नाव मोठ्याचंच घातलं.

दहा वर्षं तो भावाच्या नावाने खेळला, दादा. चांगला खेळला. देशाच्या टीमकडूनही उभा राहिला. पेपरात पेत्रूचं कौतुक छापून यायचं आणि पेत्रू मैदानाच्या कडेला कोटाच्या खिशात हात घालून पाहत उभा असायचा. मग १९२६ साली पावसात एका मॅचला सहा गोल झाले. रात्रीतून लोकांनी पेत्रूच्या दाराला डांबर फासलं. सकाळी त्याने ते दोन बोटांनी खरवडून काढलं.

पुढच्याच जानेवारीत पेत्रू न्यूमोनियाने गेला. पेपरात मोठं छापून आलं, महान गोलकीपर हरपला. टीमने शवपेटीवर बॉल ठेवला. निकोलाए एकतीस वर्षांचा, धडधाकट, मागच्या रांगेत उभा. पेत्रू मेला म्हटल्यावर पेत्रूने खेळायचं कसं? तिथे त्याचा खेळ संपला. पुढे तो हमाली करत होता.

जेवताना मी हे घरी सांगितलं. शौनक आता सतरा वर्षांचा आहे, मराठी सगळं कळतं पण बोलतो इंग्रजी. त्याने भात खाता खाता विचारलं, "सो हू वॉज द रिअल वन?" मी म्हटलं, जेव.

आता आपलं. वाचून दचकू नकोस, आपल्या दोघांना माहीत असलेलंच लिहितोय. आदल्या दिवशी सरावात तुझं मनगट मोडलं. तालमीत वस्तादांनी आपल्याला बोलावून दार लावून घेतलं. सेमीफायनल आहे, दुसरा कीपर नाही, सदा दिग्याच्या कार्डावर खेळेल. कार्डावरच्या फोटोत तशाही नुसत्या मिशा दिसत होत्या आणि मिशा दोघांना आबांच्याच. कोल्हापुरात तेव्हा कोण कुणाच्या कार्डावर खेळलं नाही? तुझी पोलिसातली खेळाडूंची भरती तोंडावर होती, तरी तू निमूट कार्ड काढून दिलंस. तुझे ग्लोव्हजही दिलेस. ते मला एवढे मोठे होत होते की आईने मनगटाला नाडीने बांधून दिले.

पुढचं तुला मी त्याच संध्याकाळी सांगितलंच आहे. बॉल दोघांच्या मधे होता, संपत आला, मीही गेलो, आणि त्याचा पाय अडकला. फुटबॉलमध्ये असे अपघात होतात. रेफ्रीने कार्डावरचं नाव लिहून घेतलं. नंतर दोन पेठांत दगडफेक झाली, त्यात तुझा हात मोडला असं तालमीने पसरवलं, आणि प्लॅस्टरचाही प्रश्न मिटला. बंदी तुझ्या नावावर, पोलीस केस तुझ्या नावावर, भरती गेली. खरं सांगितलं असतं तर तालीमच बाद झाली असती, आणि तू वस्तादांना शब्द दिला होतास. मी सहा महिन्यांनी विमानात बसलो.

हे सगळं त्या कागदावर लिहून द्यायला माझी ना नाही. पण व्हिसाच्या नूतनीकरणाला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. शौनकच्या कॉलेजचं वर्ष आहे. तू एक ओळ पाठव.

सदा

—

उम्म सलाल मोहम्मद
२१ मार्च

दादा,

आज गोदामात बसून लिहितोय. रमजान चालू आहे, कामाचे तास कमी, सगळीकडे सामसूम. इनायत, म्हणजे आमचा मॅनेजर, रत्नागिरीकडचा आहे. रोज्यात त्याचं डोकं दुखतं म्हणून तो पलीकडे टेबलावर डोकं ठेवून पडलाय.

परवा पेत्रूच्या पेटीची बैठक झाली. ईदनंतर मालक पाहुण्यांना सगळा संग्रह दाखवणार, तर काचेच्या कपाटात काय ठेवायचं आणि चिठ्ठीवर काय लिहायचं ते ठरवायचं होतं. डोइनाबाई म्हणाल्या, दोन्ही टोप्या ठेवा, दोन्ही नावं लिहा आणि मधे ते पत्र ठेवा. इनायतने माझ्याकडे पाहिलं. यादी माझी, मापं माझी, मी काय म्हणतो त्यावर होतं.

"खलास, सदानंद," तो म्हणाला. "पब्लिक उभ्या उभ्या वाचतं. दोन नावं कोण वाचणार?"

मी म्हटलं, बरोबर आहे. एकच ठेवू, मोठी.

 बाईंनी लहान टोपी पातळ कागदात गुंडाळली आणि खणात ठेवली. नंतर कॉफी पिताना त्यांनी मला सहज विचारलं, तुम्हाला भाऊ आहे का? मी नाही म्हटलं. दादा, मी चक्क नाही म्हटलं. का म्हटलं ते मला कळलं नाही आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

व्हिसाचं मी तुला खोटं लिहिलं. दाखला गेल्या वर्षीच मिळालाय. शौनकच्या कॉलेजचा आणि ह्याचा काही संबंध नाही. खरं कारण असं की मृणालिनीला ह्यातलं काही माहीत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली. तिला मी सांगितलंय, मोठा भाऊ रागीट होता, खेळात एकाचा पाय मोडला, तेव्हापासून घरात वाकडं आलं. ती चारचौघांत तुझा विषय काढत नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. गार्गीचा मेसेज आला तेव्हा मी तिला म्हटलं, दादा हट्टी आहे, आता पोरीलाही हट्टी केलंय.

एक खोटं कबूल केलंच आहे तर दुसरंही कबूल करतो. ह्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो, आणि बकऱ्या-खजुराचं लिहीत राहिलो.

तो अपघात नव्हता.

पहिला गोल माझ्या हातातून सुटून झाला. साधा सरपटत आलेला बॉल, लहान पोरानेही उचलला असता. ग्लोव्हज सैल होते, बॉल आत गेला. अख्खं स्टेडियम हसलं. आणि संपत माझ्याजवळून जाताना म्हणाला, "दिग्या, हाताला लोणी लावून आलायस व्हय?" दादा, तो तुझ्या नावाला हसत होता. आपल्या पेठेतलेही 'दिग्या, दिग्या' करत हसत होते. तू सहा वर्षांत कमावलेलं नाव मी वीस मिनिटांत घालवलं, आणि मी तिथे उभा राहून 'मी दिग्या नाही' एवढंही म्हणू शकत नव्हतो. मला तुझा राग आला. संपतचा नाही, तुझा. तुझ्यासारखं होता येत नाही ह्याचा.

दुसऱ्या वेळी तो बॉलमागे धावत आला, तेव्हा बॉल मी आधीच पकडला होता. माझ्या छातीशी होता. घट्ट. संपत थांबत होता, त्याने अंग मागे घेतलेलं मला दिसलं. आणि मग मी पाय उचलला आणि बुटाचा तळ त्याच्या नडगीवर मारला. आवाज आला. तो मला अजून येतो. इथे गोदामात फळीवरून लाकडी खोकं पडलं तरी मी बाहेर जाऊन उभा राहतो.

संध्याकाळी घरी तू विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, बॉल दोघांच्या मधे होता. तू म्हणालास, असंल.

मला वाटायचं, मी तुझ्याकडून दोन गोष्टी घेतल्या, नाव आणि नोकरी. पण तू एका अपघाताची शिक्षा भोगतोयस असं तुला वाटत राहिलं, हे सगळ्यात वाईट. अपघाताची शिक्षा माणूस भोगू शकतो. ही शिक्षा तू कशाची भोगतोयस हेसुद्धा तुला माहीत नव्हतं.

हे तुझ्या-माझ्यात राहू दे. गार्गीला कळू देऊ नकोस. काका कार्डावर खेळला एवढं तिला कळलं तर चालेल, पण हे नको. ती त्याच जाळीपुढे उभी राहते.

सदा

—

कोल्हापूर
९ एप्रिल २०२५

(बाबा सांगतील तसं लिहिते आहे. शब्द बदलायचे नाहीत असं त्यांनी बजावलंय. गार्गी)

सदा,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. मला दिसत न्हाई. साखरेनं डोळं नेलं, तीन वर्षं झाली. पोरीनं वाचून दाखवली. तिसरं वाचताना ती मधी थांबली. मी म्हटलं, वाच पुढं.

त्या दिवशी मी घरात नव्हतो. वस्तादांनी सांगितल्तं, भायेर पडू नको, कुणी बघितलं तर घात हुईल. मला ऱ्हावलं न्हाई. आबांचा कोट घातला, हात आत घेतला, डोक्याला मफलर गुंडाळला आन् तुझ्या गोलच्या मागं, जाळीच्या पल्याड बसल्तो. तुझी पाठ माझ्याकडं हुती. बॉल तू धरलास ते बघितलं. शाबास म्हणणार हुतो. मग तू पाय उचललास.

तवाच कळलं मला. त्यासाठी पत्र नको हुतं.

सांजचं तू म्हणालास, बॉल मधी हुता. मी म्हटलं, असंल. म्हटलं पोरगं घाबरलंय, दोन दिसांनी सांगंल. मग तू दुबई-कतारच्या कागदाच्या मागं लागलास. मी वाट बघितली. कार्डाचं मला कधी वाईट वाटलं न्हाई, कार्ड मीच दिल्तं. भरतीचंबी गेलं ते गेलं, कारखान्यात लेथवर पोट भरलं. आईच्या बाराव्याला तू शेजारी बसलास तवा वाटलं, आता सांगतोय. तू पंगतीत विमानाचं सांगत बसलास.

संपतकडं मी जात हुतो. दर दसऱ्याला सोनं द्यायला. पैली चार वर्षं त्यानं दार उघडलं न्हाई. आपट्याची पानं मी उंबऱ्यावर ठेवून यायचो. मग उघडाय लागला. पाय शेवटपर्यंत वाकडा ऱ्हायला त्याचा. पानपट्टीचं दुकान काढल्तं, त्यात जाऊन बसायचो. धाव्या की अकराव्या वर्षी त्यानं माझा हात हातात घेतला आन् म्हणाला, दिग्या, सोडलं मी. मनात काय न्हाई आता.

ती माफी तुझी हुती. मी घेतली. कुणाला सांगू, माझी न्हाई म्हणून? दोन वर्षांमागं संपत वारला. आता ती मागाय तुला जागा न्हाई, आन् मला परत द्याय जागा न्हाई.

कागदाचं मला इचारू नको. पैल्या दोन पत्रांत दोनदा इचारलंस. मला नाव धुऊन नको, माझं आता कोण वाचतंय. पोरीला पायजे. तुला काय पायजे ते तू बघ.

दिगंबर

काका,

एवढं बाबांचं. माझं थोडंच आहे. तुमच्या तिसऱ्या पत्राची झेरॉक्स काढून मी असोसिएशनला देऊ शकले असते. पुरावा तर त्यातच आहे. बाबांनी देऊ दिली नाही. म्हणाले, त्याच्या हातनं यायला पायजे, नाहीतर नको. ह्यावरून आमचं भांडण झालं आणि चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना जेवण वाढून ताटात काय कुठे आहे ते सांगावं लागतं, तेवढंच बोलले.

'गार्गीला कळू देऊ नकोस' हे वाक्यही मीच मोठ्याने वाचलं.

नमस्कार लिहीत नाही.

गार्गी

—

अल मन्सूरा
२५ एप्रिल

दादा,

गार्गी, हे तू वाचते आहेस हे मला आता माहीत आहे. मधे थांबलीस तरी चालेल, पण गाळू नकोस.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते जिन्यातच वाचलं. घरात गेलो आणि मृणालिनीला सांगितलं. ती भांडी विसळत होती, ती विसळतच राहिली. सगळं ऐकून झाल्यावर तिने नळ बंद केला. "आणि इतकी वर्षं तुम्ही त्यांना हट्टी म्हणत होता," एवढंच म्हणाली. नंतर तिने भाकरी केल्या, माझं पान वाढलं. तेव्हापासून बोलते ती कामापुरतं. शौनक आतल्या खोलीत होता, दार उघडं होतं. त्याला पुन्हा सांगायची गरज पडली नाही. रोज रात्री मॅच बघायला माझ्या शेजारी येऊन बसायचा, आता आपल्या खोलीत फोनवर बघतो. मी त्याला हाक मारलेली नाही.

इनायतलाही सांगितलं. चिठ्ठी बदला म्हटलं. त्याने मला वेड्यात काढलं. चिठ्ठ्या छापून झाल्यात, मालकाने पाहिल्यात, आता इन्शाल्ला पुढच्या वर्षी. काचेमागे पेत्रूची एकच टोपी आहे आणि पाहुणे तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. डोइनाबाईंचं काम संपलं, त्या गेल्या. जाण्याआधी मी त्यांना म्हटलं, मला भाऊ आहे. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं. गोदामाच्या यादीत मी लहान टोपीपुढे निकोलाए ड्रागोमिर लिहून ठेवलंय. यादी कुणी उघडत नाही, पण लिहिलंय.

कागद भारतीय वकिलातीत नेऊन सही साक्षांकित करून घेतली. तिथल्या माणसाने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. एक प्रत कुरियरने असोसिएशनला गेली, पोचल्याचा मेसेजही आला. दुसरी ह्याच पाकिटात आहे. काय लिहिलंय ते मोठ्याने वाच, गार्गी:

"मी, सदानंद यशवंत इंगवले, सध्या राहणार दोहा, लिहून देतो की ११ जानेवारी १९९८ च्या सामन्यात निशाण तालमीच्या गोलमध्ये मी होतो. माझे भाऊ दिगंबर इंगवले खेळले नाहीत, त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये होता. मी त्यांच्या कार्डावर खेळलो. संपत चौगुले ह्यांचा पाय मी मोडला. बॉल तेव्हा माझ्या हातात होता आणि ते थांबले होते. तो अपघात नव्हता. चौकशीसाठी बोलावल्यास मी येईन."

ह्याची आठ वेळा पानं फाडली. दर वेळी कुठेतरी 'परंतु' यायचा.

संपतच्या घरी पत्र लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. त्याच्या बायकोला कागदावरून कळवण्यासारखं हे नाही. दसऱ्याला मी येतोय. तू दर दसऱ्याला जायचास तसा मी जाईन, आणि तिने दार उघडलं नाही तर पानं उंबऱ्यावर ठेवून येईन. चार वर्षं तुला लागली, मला किती लागतील माहीत नाही. माफी आता कुणी देणार नाही, ते मला तुझ्या पत्रातून नीट कळलंय. ती तू घेतलीस ते बरं झालं, दादा. माझ्याकडे असती तर मी तीही कधीच वापरून संपवली असती.

तू जाळीमागे होतास. मी एकदा जरी मागे वळून बघितलं असतं! कीपर मागे वळतो तो गोल झाल्यावरच, हे तूच शिकवलं होतंस.

तुला दिसत नाही हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं.  मी इथे बसून तुझ्या डोळ्यांखालून घालायला पत्रं लिहीत होतो.

असोसिएशनची प्रत आधीच गेली आहे, तेव्हा हे पाकीट पोस्टात टाकायची तशी गरज नव्हती. इनायत म्हणाला, कशाला दोन-दोन? पण निकोलाएचं पाकीट मी ह्या हातांनी हाताळलंय. त्याचा कोपरा जवळजवळ शंभर वर्षं कोरा राहिला. गार्गी, हे पाकीट बाबांच्या हातात दे आणि त्यांचं बोट उजव्या कोपऱ्यावर ठेव.

दादा, चाचपून बघ. तिकीट लावलंय.

सदा